राईट क्लिक केलं की लॅपटॉप का थांबतो?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेली मांडणी. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्या सख्यांसाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझा विषय वाचून काहीजणी हसल्या. "राईट क्लिक हा काय बैठकीचा विषय झाला का गं?" असं एका मावशींनी विचारलंसुद्धा. मावशी, विषय लिपिकेच्या टेबलावरचा आहे, पण त्यात जाणारा पैसा तुमच्या गटाचा आहे. मी गावोगावी जाते तेव्हा एक तक्रार सारखी कानावर येते. फाईलवर राईट क्लिक केलं की मशीन अडकतं, निळं चक्र गोल गोल फिरतं आणि यादी काही उघडत नाही. या तक्रारीच्या मागोमाग दोन वाक्यं ठरलेली असतात. एक म्हणजे "नवीनच घेऊन टाकू", आणि दुसरं "दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणू". दोन्हींत ग्रामसंघाचा पैसा जातो. दुसऱ्यात तर कागदपत्रंही जाऊ शकतात. म्हणून म्हटलं, हा विषय फक्त लिपिकांच्या प्रशिक्षणात न घेता सगळ्यांसमोर घ्यावा. ठराव तुम्ही सगळ्या मिळून करता ना, मग तुम्हाला माहीत हवं.

मी एमएसडब्ल्यू केलंय, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. त्यामुळे जे मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

ज्यांनी लॅपटॉपला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगते. माऊसला दोन बटणं असतात. डावं दाबलं की वस्तू निवडली जाते किंवा उघडते. उजवं दाबलं की एक छोटी यादी उघडते, तिला मेनू म्हणतात. त्या यादीत 'कॉपी', 'पेस्ट', 'रिनेम', 'प्रिंट', 'डिलीट' अशी कामं असतात. गटाच्या ठरावाची फाईल पेनड्राईव्हवर घ्यायची, तिचं नाव बदलायचं, बँकेला द्यायच्या कागदाची प्रिंट काढायची, हे सगळं लिपिका बहुतेक याच यादीतून करते. यादीच वीस-तीस सेकंद उघडली नाही तर दिवसभरात किती वेळ वाया जातो ते तुम्हीच मोजा.

आता ही यादी येते कुठून? आपल्याला वाटतं, ती छापून तयार ठेवलेली असते. तसं नाही. तुम्ही उजवं बटण दाबलं की विंडोज ती यादी त्याच क्षणी नव्याने बनवतं. कॉपी, कट, डिलीट ही त्याची स्वतःची नावं. पण लॅपटॉपमध्ये आपण जी जी सॉफ्टवेअर टाकतो त्यातली बरीचशी या यादीत आपलीही एक ओळ घुसवतात. अँटिव्हायरस म्हणतो, 'ही फाईल तपासून देऊ?' झिप फाईल उघडणारं सॉफ्टवेअर म्हणतं, 'हिची गाठोडी बांधून देऊ?' पीडीएफवालं म्हणतं, 'हिची पीडीएफ करू?' वनड्राईव्ह, गुगल ड्राईव्ह असेल तर तेही आपलं म्हणणं मांडतं. विंडोज या प्रत्येकाला विचारतं, 'बाबा, या फाईलबद्दल तुझं काही आहे का?' आणि उत्तराची वाट बघतं.

आपल्या गटात कर्ज मंजूर करताना अध्यक्ष एकेकीला विचारतात, "तुझी काही हरकत?" नऊ जणी लगेच उत्तर देतात. दहावी फोनवर बोलत बसली असेल तर? तिचं उत्तर आल्याशिवाय ठराव लिहिता येत नाही. इथे बसलेल्या नऊ जणींची चूक नाही, वहीची नाही, अध्यक्षांची तर नाहीच. मग आपण काय करतो, सगळा गट बरखास्त करतो का? नाही. त्या दहावीला हाक मारतो. लॅपटॉपचंही तेच आहे. फॉरमॅट मारणं म्हणजे एका बाईसाठी अख्खा गट मोडून नवीन गट स्थापन करण्यासारखं झालं.

यादीत घुसणाऱ्या या ओळींच्या मागे जो छोटा प्रोग्राम असतो त्याला 'शेल एक्स्टेन्शन' म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवा. दुकानात गेल्यावर "शेल एक्स्टेन्शन तपासलं का हो?" असं विचारलं की समोरचा जरा सरळ बसतो.

दुरुस्ती करायच्या आधी मोजायचं. अंगणवाडीत बाळाचं वजन केल्याशिवाय आपण कुपोषित म्हणतो का? तसंच इथे. घड्याळ समोर ठेवा आणि वही घ्या. लॅपटॉप चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं त्याला स्थिर होऊ द्या. पहिला राईट क्लिक मोजायचा नाही, कारण पहिल्यांदा ते सगळे छोटे प्रोग्राम डिस्कवरून उचलून आणावे लागतात. तो थोडा हळू असणं साहजिक आहे. दुसरा, तिसरा मोजा. तिसऱ्यांदाही दहा-पंधरा सेकंद लागत असतील तर काहीतरी अडलंय हे नक्की.

मग जागा बदलून बघा. आधी डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे कुठल्याच फाईलवर नाही, तिथे राईट क्लिक करा. मग एखाद्या वर्ड किंवा एक्सेलच्या फाईलवर, आणि मग एखाद्या फोल्डरवर. तिन्ही ठिकाणचे सेकंद वहीत लिहा. ही वही म्हणजे निम्मी दुरुस्ती आहे, खरंच सांगते. कारण मोकळ्या जागेवर यादी हळू येत असेल तर बहुतेक वेळा स्क्रीनचं चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्यायचा. जुन्या लॅपटॉपांवर त्या यादीत 'ग्राफिक्स प्रॉपर्टीज', 'ग्राफिक्स ऑप्शन्स' अशा ओळी दिसतात, त्या त्याच्याच. त्याचं नवीन अपडेट घातलं की पुष्कळदा काम होतं. मोकळ्या जागेवर यादी पटकन येते, पण फाईलवर अडकते, असं असेल तर अँटिव्हायरस, झिपवालं, पीडीएफवालं आणि ड्राईव्हवालं, या चौघांपैकी कोणीतरी. एकाच फाईलवर अडकतं, बाकी सगळीकडे ठीक, तर ती फाईल किंवा ते शॉर्टकट कुठेतरी नसलेल्या जागेकडे बोट दाखवत असेल. काढून टाकलेल्या पेनड्राईव्हवरच्या फाईलचं शॉर्टकट डेस्कटॉपवर तसंच राहतं, बघितलंय ना?

आणि राईट क्लिकच नाही तर सगळंच हळू असेल? वर्ड उघडायला दोन मिनिटं, स्टार्टचं बटण दाबलं तरी वाट बघायची? मग हा यादीचा आजार नाही, अंगभर ताप आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क' या शब्दावर १०० टक्के असं बराच वेळ दिसत असेल तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कला काम झेपत नाही. त्यावरचा उपाय वेगळा आहे, त्याकडे नंतर येते.

विंडोज ११ असेल तर आणखी एक खूण सोपी आहे. २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा ही यादी बदलली. आता आधी छोटी यादी येते आणि तिच्या तळाशी 'शो मोअर ऑप्शन्स' असतं. त्यावर दाबलं की जुनी लांब यादी उघडते. शिफ्टचं बटण दाबून धरून राईट क्लिक केलं तर थेट लांब यादीच येते. छोटी यादी चटकन येते आणि लांब यादी अडकते, असं असेल तर समजायचं की जुन्या पद्धतीच्या एखाद्या सॉफ्टवेअरने पाय अडवलाय. बऱ्याच जणींना हे माहीतच नसल्यामुळे 'माझं प्रिंटचं बटण गायब झालं' असंही वाटतं. गायब नाही झालं, आत सरकलंय.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात नसते. आपल्यापैकी बहुतेकींची बोटं शेतातल्या, चुलीवरच्या कामाने राठ झालेली असतात. लॅपटॉपच्या टचपॅडला कोरडं, राठ बोट नीट कळत नाही. दोन बोटांनी टॅप करूनही यादी येत नाही म्हणून आपण पाच वेळा टॅप करतो आणि मग सगळंच गोंधळतं. म्हणून लॅपटॉपला दोष देण्याआधी साधा वायरचा माऊस लावून बघा. माऊसने यादी लगेच आली तर प्रश्न टचपॅडचा होता, आतलं सगळं ठीक आहे. मला तर वाटतं, प्रत्येक ग्रामसंघाने माऊस घ्यावाच. तो खर्च मंजूर करायला कोणी कुरकुर करू नये.

आता एका ग्रामसंघातली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही, त्या ताई इथेच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांच्याकडचा लॅपटॉप एका कार्यालयाने वापरून झाल्यावर दिलेला. त्यावर विंडोज १०. दोन गटांच्या बँक कर्जाच्या फाईल तयार करायच्या होत्या. त्यातल्या एका गटाला खरीपाच्या आधी पैसे हवे होते. लिपिका ताई रोज दुपारी येऊन बसायच्या, काम पुढे सरकायचं नाही. आधी लोक म्हणाले, लॅपटॉप खराब आहे. मग हळूहळू म्हणायला लागले, "तिला जमत नाही." मग एक दिवस बैठकीतच निघालं की मानधन घेते आणि काम करत नाही. त्या ताई घरी जाऊन रडल्या. पुढच्या बैठकीत दोन विषय होते. एक नवीन लॅपटॉप घेण्याचा, दुसरा लिपिका बदलण्याचा.

तालुक्याच्या एका दुकानात लॅपटॉप दाखवून झाला होता. दुकानदार म्हणाला होता, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो. डेटाची गॅरंटी नाही." आता डेटाची गॅरंटी नाही म्हणजे काय? लोकोसमध्ये भरलेले व्यवहार सर्व्हरवर असतात, ते राहतात. पण ठरावांच्या फाईल, सभासदांच्या याद्या, आधार आणि पासबुकचे स्कॅन, जुनी बिलं, हे सगळं कुठे असतं? बहुतेकींचं डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये. ही दोन्ही ठिकाणं सी ड्राईव्हवर येतात, आणि फॉरमॅट मारताना पहिल्यांदा सी ड्राईव्हच पुसला जातो. डी ड्राईव्हवर ठेवलेलं बऱ्याचदा वाचतं, पण त्याचाही भरवसा धरू नये.

मी गेले तेव्हा आम्ही आधी काहीच दुरुस्त केलं नाही. आधी सगळं पेनड्राईव्हवर घेतलं. राईट क्लिक न करता. कसं ते पुढे सांगते. मग घड्याळ लावलं. मोकळ्या जागेवर यादी लगेच. फाईलवर जवळजवळ अर्धा मिनिट. म्हणजे चौघांपैकी कोणीतरी. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडली तर त्यात काय काय निघालं! त्या कार्यालयाच्या वेळचा अँटिव्हायरस, मुदत केव्हाच संपलेली. पीडीएफची तीन सॉफ्टवेअर. आणि कोणीतरी 'लॅपटॉप फास्ट होतो' म्हणून टाकलेलं एक क्लीनर, जे स्वतःच सगळ्यात जास्त जागा अडवून बसलं होतं.

एकदम सगळं काढलं नाही. एक काढायचं, रिस्टार्ट करायचं, पुन्हा मोजायचं. आधी क्लीनर काढला. फरक नाही. मग मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला. रिस्टार्ट केलं, दोन क्लिक सोडून तिसऱ्याला घड्याळ लावलं. एक सेकंदसुद्धा लागला नाही. लिपिका ताईंनी पुन्हा क्लिक केलं, पुन्हा केलं, सात-आठ वेळा नुसतंच करत बसल्या.

अँटिव्हायरस काढला तर व्हायरस येणार नाही का, हा प्रश्न तिथेही आला होता. विंडोजमध्ये स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढला की आपोआप कामाला लागतो. काढून झाल्यावर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण आहे ना, एवढं बघून घ्यायचं. मुदत संपलेला राखणदार दारात झोपवून ठेवण्यापेक्षा हा बरा.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. यादी पटकन यायला लागली, पण त्या यादीतल्या 'सेंड टू'वर बाण नेला की पुन्हा अडकायचं. पेनड्राईव्हवर फाईल पाठवायला त्या ताई तेच वापरायच्या. मग 'धिस पीसी' उघडलं. तिथे सी, डी यांच्या खाली आणखी एक ड्राईव्ह, त्यावर लाल फुली. तो त्या जुन्या कार्यालयातल्या मोठ्या कॉम्प्युटरचा रस्ता होता. लॅपटॉप आपल्या गावात आला, तो कॉम्प्युटर तिकडेच राहिला. पण 'सेंड टू' उघडलं की विंडोज बिचारं प्रत्येक ड्राईव्हला हाक मारून बघायचं, आणि या ड्राईव्हकडून उत्तर येईना म्हणून थांबून राहायचं. सासरी गेलेल्या लेकीला माहेरच्या अंगणातून हाका मारत बसावं तसं. त्या ड्राईव्हवर राईट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' दाबलं, प्रश्न मिटला. कार्यालयांनी वापरून दिलेले लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी घरी जाऊन ही लाल फुली आधी बघा.

त्या दिवशी एक रुपया खर्च झाला नाही. दोन्ही फाईल त्याच आठवड्यात बँकेत गेल्या. लिपिका बदलण्याचा विषय अध्यक्ष ताईंनी स्वतः विषयपत्रिकेतून काढला. बैठकीत जे बोललं गेलं होतं ते मात्र परत घेतलं गेलं नाही अजून, ते मला इथे सांगायलाच हवं.

आता राईट क्लिक न करता काम कसं करायचं ते. लिपिकांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मशीन दुरुस्त होईपर्यंत काम थांबणार नाही. फाईलवर डावं क्लिक एकदा करून ती निवडायची. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की कॉपी. जिथे ठेवायची तिथे जाऊन कंट्रोल आणि व्ही, पेस्ट. कंट्रोल आणि एक्स म्हणजे कट. एफ २ दाबलं की नाव बदलता येतं. लॅपटॉपवर एफ २ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला तर सोबत एफएन बटण दाबायचं. नवीन फोल्डर हवं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फाईल उघडून कंट्रोल आणि पी म्हणजे प्रिंट. काही चुकलं तर कंट्रोल आणि झेड, केलेलं मागे जातं. हे एकदा हाताला बसलं की दुरुस्त झाल्यावरही राईट क्लिककडे वळावंसं वाटत नाही, बघा. मला तर हेच सोपं वाटतं.

एखादवेळी यादी अशी अडकते की पडदाच हलत नाही. तेव्हा पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप मारू नका. टास्क मॅनेजर उघडा, त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, त्यावर क्लिक करून 'रिस्टार्ट' दाबा. पडदा क्षणभर काळा होईल, खालची पट्टी जाईल आणि परत येईल. उघड्या वर्ड, एक्सेलला काही होत नाही, तरी आधी सेव्ह केलेलं बरं. हा तात्पुरता उपाय आहे, दहाव्या बाईला आत्तापुरतं गप्प करण्याचा.

रात्री लॅपटॉप बंद करतो म्हणजे तो ताजातवाना होतो, असा आपला समज आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुधा चालू असते. 'शट डाऊन' केलं तरी विंडोज आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं, म्हणजे कालची अडचणही तशीच उचलली जाऊ शकते. पूर्ण ताजं व्हायचं तर 'रिस्टार्ट' करावं लागतं. आठवड्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी, एक रिस्टार्ट.

सॉफ्टवेअर काढूनही गुन्हेगार सापडला नाही तर 'शेलएक्सव्ह्यू' नावाचं निरसॉफ्टचं एक फुकट साधन आहे. ते निरसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचं, दुसरीकडून नाही. ते लॅपटॉपमधल्या सगळ्या शेल एक्स्टेन्शनची हजेरी दाखवतं. मायक्रोसॉफ्टची नसलेली नावं गुलाबी रंगात येतात. गुलाबी नाव निवडून एफ ७ दाबलं की ते रजेवर जातं, एफ ८ दाबलं की परत कामावर येतं. काढून टाकलं जात नाही, नुसतं रजेवर. प्रत्येक वेळी एक्सप्लोरर रिस्टार्ट करायचा. गुलाबी नावं खूप असली तर निम्मी रजेवर पाठवायची आणि मोजायचं. अडकणं थांबलं तर गुन्हेगार त्या निम्म्यात आहे, नाहीतर उरलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. तांदूळ निवडताना सूप अर्ध्या-अर्ध्याने बघतो तसं. कुठलं नाव केव्हा रजेवर पाठवलं ते वहीत लिहायलाच हवं. हे काम मात्र सगळ्यांनी करू नये. ज्या लिपिकेला किंवा गावातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला सवय आहे तिने करावं, आणि बाजूला सचिव ताईंनी बसावं.

जे करायचं नाही तेही सांगते. मोबाईलवर व्हिडिओ बघून 'रजिस्ट्री'मध्ये हात घालायचा नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा सातबारा. चुकीच्या ठिकाणी खाडाखोड झाली तर मशीन उभं राहणार नाही. 'स्पीड वाढवा' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर घ्यायची नाहीत, वरच्या गोष्टीत बघितलंच. आणि 'मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका आणि नंबर सांगा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. त्या नंबराने तो माणूस तिकडे बसून तुमचा लॅपटॉप चालवू शकतो, आणि त्याच लॅपटॉपवर सभासदांचे आधार आणि पासबुक आहेत. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता नवीन लॅपटॉपचा प्रश्न. मी कधीच घेऊ नका असं म्हणत नाही. पण ठरावाआधी तीन गोष्टी सचिव ताईंनी बैठकीत वाचून दाखवाव्यात: वहीतले सेकंद, टास्क मॅनेजरमधला डिस्कचा आकडा, आणि ॲप्सच्या यादीतून काय काय काढलं. डिस्क सारखी १०० टक्के असेल तर आतली फिरती हार्डडिस्क बदलून एसएसडी टाकता येते. जुन्या लॅपटॉपला त्याने बराच जोर येतो आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने खूप कमी. दुकानदार म्हणेल की विंडोज १० आता बंद झालं. त्यात तथ्य आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला आहे. पण तो सुरक्षेचा प्रश्न आहे, अडकणाऱ्या यादीचा नाही. दोन वेगळे आजार एकाच बिलात घालू देऊ नका. आणि फॉरमॅट मारायचाच ठरला तर आधी दोन पेनड्राईव्हवर प्रत, एक लिपिकेकडे, एक कोषाध्यक्षांच्या कुलपात. पेनड्राईव्हवर प्रत घेतली म्हणजे फाईल तिथून उघडून बघायची, नुसती कॉपी झाली असं समजायचं नाही. दुकानदाराकडून पावतीवर काय बदललं ते लिहून घ्यायचं.

आज जाण्याआधी प्रत्येक ग्रामसंघाच्या लिपिकेने माझ्याकडून एक कोरा तक्ता न्यावा. त्यात तारीख, कुठे क्लिक केलं, किती सेकंद, नवीन काय टाकलं आणि काय काढलं, एवढेच रकाने आहेत. पुढच्या महिन्याच्या बैठकीला लॅपटॉप, चार्जर आणि भरलेला तक्ता घेऊन या. सकाळी साडेदहापासून मी इथेच बसते. चार्जर विसरू नका, गेल्या वेळी तिघींचे लॅपटॉप नुसते बघून परत गेले.